दुभंगलेला खांब

वाई हे माझं आजोळ. कृष्णेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर मामांचा वाडा होता. २०१९ च्या मे महिन्यात मामेभावाचा फोन आला, "दादा, वाडा बिल्डरला दिला. दिवाळीनंतर पाडायला घेतील. कॅमेरा घेऊन एकदा येऊन जा." निवृत्तीनंतर मी फोटोग्राफीच्या नादाला लागलो आहे हे आमच्या सगळ्या गोतावळ्याला ठाऊक आहे, आणि बारशापासून एकसष्टीपर्यंत त्याचा लाभही सगळे घेतात. पण हे काम निराळं होतं. मला सुटा खांब किंवा सुटं दार नको होतं. चौकात उभं राहून स्वतःभोवती गिरकी घेतली की जे दिसतं ते सगळं मला एका लांब पट्टीत हवं होतं.

असा 'पॅनोरमा' करण्याची हौस जुनीच आहे. रॉबर्ट बार्कर या चित्रकारानं गोलाकार भिंतीवर सगळा आसमंत रंगवण्याच्या कल्पनेचं पेटंट १७८७ मध्ये घेतलं. फेलिचे बियातो १८५८ मध्ये आपल्याकडे आला, तेव्हा त्यानं लखनौचे असे फोटो काढले. कॅमेरा थोडा थोडा वळवत एकेक काच उघडायची आणि मग छापलेले कागद कडेला कड लावून जोडायचे. आज जोडणी संगणक करतो. वळवण्याचं काम मात्र अजून आपल्याकडेच आहे.

आणि तिथंच मी फसलो. ट्रायपॉडचे पाय वेगळे मिळतात आणि कॅमेरा ज्यावर बसतो तो वरचा वळणारा भाग वेगळा. त्याला म्हणतात 'हेड'. उभी नोकरी हेड ऑफिसच्या इशाऱ्यावर वळण्यात गेल्यामुळे मला हे नाव फार पटलं. माझ्याकडे बॉल हेड होतं. वाटीत बसवलेला गोळा, एक स्क्रू सैल केला की कॅमेरा हवा तिकडे कलतो. दुकानदारानं 'यात सगळं होतं' म्हणून दिलेलं. चौकात ट्रायपॉड रोवला, कॅमेरा बाजूच्या खाचेत आडवा पाडून उभी चौकट केली, आणि दहा फोटोंत गिरकी पुरी केली. रात्री संगणकावर जोडणी केली, तर ओसरीच्या एका खांबाचे दोन झालेले. त्याच्यामागचं माजघराचं दार अर्धं गिळलेलं. एक तुळई मधेच वाकलेली. रोजकीर्द टॅली झाली नाही की फरक कुठं आहे ते शोधेपर्यंत झोप लागत नसे; तशीच ती रात्र गेली.

फरक कुठं होता, ते सांगतो. डोळ्यासमोर बोट धरा आणि आधी एक, मग दुसरा डोळा मिटा. बोट मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतं. बोट जागीच असतं, पाहण्याची जागा बदललेली असते. कॅमेऱ्याचंही तेच. भिंगात समोरून डोकावलं तर आत जे गोल छिद्र दिसतं, ती त्याची पाहण्याची जागा. दुकानात तिला सरसकट 'नोडल पॉइंट' म्हणतात. शास्त्रानं ते नाव चूक आहे, पण त्यावर भांडण्यात अर्थ नाही. कॅमेरा त्या जागेभोवती फिरला तर जवळचं आणि लांबचं एकमेकांना धरून राहतं. माझा कॅमेरा खाचेत बाजूला लटकलेला, भिंग पुढे आलेलं. म्हणजे ती जागा मधल्या आसापासून जवळजवळ वीतभर दूर. दर वळणाला ती चार बोटं सरकत होती. खांब दीड-दोन मीटरवर, दार त्याच्या कितीतरी मागे. मग खांब दारावर उडी मारणार नाही तर काय होईल?

पण म्हणून प्रत्येकानं महागडं पॅनोरमिक हेड घ्यावं का? तर नाही. हरिश्चंद्रगडावरचा तो आत वळलेला, अर्धवर्तुळाकार कोकणकडा मी याच बॉल हेडवर घेतला आहे, आणि जोड भिंग लावूनही दिसत नाही. तिथं चौकटीतली सर्वांत जवळची वस्तूही इतकी लांब असते, की चार बोटांचा फरक त्यात विरून जातो. कड्यावर वाऱ्यानं कॅमेरा हलणार नाही एवढं पाहिलं की पुरे. तेव्हा हेड घेताना कॅमेरा केवढ्याचा आहे याचा विचार नंतर. तुमच्या चित्रात सगळ्यांत जवळ काय येणार, ते आधी ठरवा. डोंगर असेल तर पैसे वाचवा. वाडा, देऊळ, घरातली खोली असेल तर मात्र वाचवू नका.

दुसरी एक चूक डोंगरावरही नडते. साध्या बॉल हेडचं फिरणं गोळ्याच्या खाली असतं. पाय वाकडे उभे असले तरी गोळा कलवून कॅमेरा सरळ करता येतो, आणि आपण खूश. पण आस वाकडाच राहतो. कॅमेरा वळवला की क्षितिज लाटेसारखं वरखाली होतं. म्हणून सरळपणा फिरण्याच्या खाली हवा. त्यासाठी पायांवर बसणारा लेव्हलिंग बेस मिळतो: बुटकी वाटी, त्यात गवंड्याच्या लेव्हलसारखा बुडबुडा. ज्याचं फिरणं गोळ्याच्या वर आहे असं हेडही चालतं. मला विचाराल तर पहिला खर्च यावर करावा.

त्यावर अंश कोरलेली फिरती तबकडी. ठरावीक अंशांवर 'टक्' करून थांबणारी असेल तर उत्तम; संध्याकाळच्या अंधारात अंश वाचत बसावं लागत नाही. हिशेब सोपा आहे. जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर २४ मिमीचं भिंग उभं धरलं की आडवे ५३ आणि उभे सुमारे ७४ अंश मावतात. शेजारच्या दोन फोटोंत एक तृतीयांश भाग सामाईक ठेवायचा, म्हणजे ३६ अंशांची पावलं. दहा फोटोंत गिरकी पुरी.

तबकडीवर पुढेमागे सरकणारी पट्टी, आणि कॅमेरा आसावर उभा धरायला 'एल'च्या आकाराची प्लेट. बस्स. छत आणि फरशीही घ्यायची तर वरखाली झुकणारी आणखी एक भुजा लागते, पण ते धूड वाहून न्यायची हौस पाहिजे. कुठलंही हेड घ्या, कॅमेरा चढवून हातानं हलवून बघा. सांध्यात किंचितही खेळ असला, तर ते हेड दुकानातच राहू द्या.

पट्टीवर कॅमेरा नेमका कुठं बसवायचा, ते मी घरच्या खिडकीत शोधलं. जवळ खिडकीचा गज, लांब रस्त्यावरचा विजेचा खांब. दोन्ही चौकटीच्या डाव्या कडेला आणायचे, मग कॅमेरा वळवून उजव्या कडेला. मधलं अंतर बदललं तर कॅमेरा थोडा मागे घ्यायचा आणि पुन्हा पाहायचं. अर्ध्या तासानं गज आणि खांब एकमेकांना सोडेनासे झाले. तिथं बायकोच्या नेलपॉलिशनं खूण केली. झूम भिंग असेल तर ही जागा झूमबरोबर बदलते, तेव्हा खुणाही तितक्या.

भाचा म्हणाला, "मामा, एवढा खटाटोप कशाला? हल्ली सॉफ्टवेअर सगळं जुळवून देतं." देतं खरं. त्यानं माझा दुसरा खांब पुसून दाखवला, तुळई सरळ केली, आणि दाराच्या अर्ध्या गेलेल्या चौकटीच्या जागी शेजारच्या भिंतीचा गिलावा आणून लावला. चित्र देखणं झालं. पण त्या दाराच्या चौकटीवर आजीनं आम्हा भावंडांची उंची दर दिवाळीला कोळशानं नोंदवली होती, आणि त्या खुणा नेमक्या त्या अर्ध्यात होत्या.

हेडची जुळवाजुळव करण्यात पावसाळा गेला. मी पुन्हा वाईला पोहोचलो तो नोव्हेंबरात, तुळशीचं लग्न होऊन गेल्यावर. मजुरांनी दक्षिणेकडून सुरुवात केली होती. त्या बाजूची कौलं उतरवून चौकात रचलेली, वासे उघडे. त्यांना तासभर थांबायची विनंती केली, लेव्हल लावली, दहा वेळा 'टक्' ऐकलं. या वेळी खांब एकच आला. माजघराचं दार अख्खं आलं, खुणा मोजता येतात. तो फोटो आता मामेभावाच्या नव्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर लावला आहे.

मे महिन्यातला फसलेला फोटो मी अजून पुसलेला नाही. दक्षिणेची कौलं त्यातच आहेत.