धनुष्य

धनुष्य : बाण फेकण्याचे एक प्राचीन आयुध. लवचिक दांडा आणि त्याच्या दोन टोकांस ताणून बांधलेली दोरी हे त्याचे मुख्य घटक होत. टोकांना कोटी, मधल्या भागास मूठ व दोरीस ज्या किंवा प्रत्यंचा म्हणतात. दोरी ओढली असता दांड्याच्या बाहेरील बाजूवर (पाठीवर) ताण व धनुर्धराकडील बाजूवर (पोटावर) दाब येतो. अशा रीतीने साठलेली ऊर्जा दोरी सोडताच बाणास मिळते. ताण व दाब सोसणारा कोणता पदार्थ हाताशी आहे आणि प्रदेशाचे हवामान कसे आहे, यांवर धनुष्याची घडण ठरते. महाराष्ट्रात याची दोन भिन्न उदाहरणे आढळतात : डोंगराळ भागातील वेळूचा तिरकामठा व सैन्यातील शिंगाची कमान.

प्रकार : रचनेनुसार धनुष्यांचे एकसंध, पाठबांधणीचे व संयुक्त असे तीन स्थूल प्रकार पडतात. एकसंध धनुष्य एकाच लाकडाचे असते. आल्प्स पर्वतात १९९१ मध्ये सापडलेल्या सु. ५,००० वर्षांपूर्वीच्या हिमशवाजवळ यू लाकडाचे सु. १·८ मी. लांबीचे धनुष्य मिळाले. इंग्लंडचे लांब धनुष्यही याच लाकडाचे असे. यूचे बाहेरचे रसकाष्ठ ताण आणि आतील मध्यकाष्ठ दाब चांगला सोसते. त्यामुळे एकाच फळीत दोन्ही गुण साधतात. १५४५ मध्ये बुडालेल्या व १९८२ मध्ये वर काढलेल्या ‘मेरी रोझ’ या जहाजावर अशी शंभराहून अधिक धनुष्ये मिळाली.

चांगले लाकूड दुर्मिळ असलेल्या आर्क्टिक प्रदेशात इन्यूइट लोक वाहून आलेल्या लाकडाच्या पाठीवर स्नायुतंतूंची पिळलेली दोरी बांधून त्यास बळकटी आणीत. मध्य आशियातील संयुक्त धनुष्यात लाकडी गाभ्याच्या पोटाशी शिंगाची पट्टी व पाठीवर स्नायुतंतू सरसाने चिकटवीत. ते आखूड असूनही जोरदार असल्याने घोडेस्वारास सोयीचे ठरले. मात्र सरस ओलाव्याने सैल पडतो. म्हणून अशा धनुष्यास दमट हवेपासून जपावे लागे. जपानी ‘युमी’ वेळू व लाकूड यांचे थर जोडून बनवितात. त्याची लांबी दोन मीटरांहून अधिक असून मूठ मध्यावर नसते, तर खालच्या टोकापासून सु. एकतृतीयांश अंतरावर असते.

भारत : कौटिलीय अर्थशास्त्रात ताड, वेळू, इतर लाकूड व शिंग यांच्या धनुष्यांचा निर्देश आहे, दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, स्नायू इत्यादींबरोबर वेळूचेही नाव येते. अलेक्झांडरचा नौदलप्रमुख निआर्कस याच्या आधारे एरियनने केलेल्या वर्णनानुसार भारतीय पदातीचे धनुष्य पुरुषभर उंच असून ते जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबून ओढीत. मध्ययुगात संयुक्त कमान सुलतानी व मोगल सैन्यांबरोबर दक्षिणेत प्रचलित झाली. मराठीतील कमान, तीर, तिरंदाज हे फार्सी शब्द तिची आठवण देतात. ओलाव्याने न बिघडणारी पोलादी धनुष्येही भारतात घडविली गेली.

तिरकामठा : सातपुड्यातील भिल्लांचे, तसेच सह्याद्रीच्या पट्ट्यातील इतर आदिवासींचे हे पारंपरिक आयुध होय. भिल्लांच्या धनुष्याचा दांडा वेळूचा असून दोरीही वेळूची चिवट पट्टी काढून करीत. अर्थशास्त्रात उल्लेखिलेली वेळूची दोरी येथे प्रत्यक्षात आढळते. अशा धनुष्यास शिंग किंवा सरस लागत नाही. सामग्री जवळच्या रानात मिळते व ती मोडल्यास लगेच बदलता येते. मुसळधार पावसाच्या प्रदेशात हा मोठाच गुण ठरतो. मासे मारण्याच्या बाणाचे पाते नेम लागताच दांड्यापासून सुटे. परंतु दोघांस लांब दोरीने जोडलेले असल्याने तरंगणाऱ्या दांड्यावरून माशाचा माग लागे. तिरकामठा हे केवळ शिकारीचे साधन नव्हते. एकोणिसाव्या शतकात खानदेशातील भिल्लांनी ब्रिटिश सत्तेविरुद्ध केलेल्या उठावांतही तो वापरला गेला.

आधुनिक काळ : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनंतर शिकार निषिद्ध झाली व धनुष्याचा उपजीविकेशी असलेला संबंध तुटला. दुसरीकडे क्रीडाप्रकार म्हणून धनुर्विद्येस नवे महत्त्व आले. १९७२ पासून तिचा ऑलिंपिक सामन्यांत पुन्हा समावेश झाला. तेथे ७० मी. अंतरावरील लक्ष्य वेधतात. अमेरिकेच्या होलेस विल्बर ॲलन यांना १९६९ मध्ये एकस्व मिळालेल्या ‘कंपाउंड’ धनुष्यात टोकांशी चाके असतात. त्यामुळे दोरी पूर्ण ओढल्यावर हातावरील भार कमी होऊन नेम स्थिर राहतो. या प्रकारात २०२३ मध्ये बर्लिन येथे साताऱ्याची अदिती स्वामी व नागपूरचा ओजस देवतळे जागतिक विजेते ठरले. पुण्याजवळ महाळुंगे-बालेवाडी येथे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल आहे. पुण्यात जानेवारी २०१९ मध्ये भरलेल्या ‘खेलो इंडिया’ युवा स्पर्धांत धनुर्विद्येचाही अंतर्भाव होता.

स्पर्धेतील धनुष्य कारखान्यात तयार होते व त्याचे सुटे भाग विकत मिळतात. तिरकामठ्याचे ज्ञान मात्र कोणता वेळू निवडावा, तो केव्हा तोडावा, किती वाळवावा व कसा वाकवावा या हातोहात चालत आलेल्या जाणकारीत साठलेले आहे. संग्रहालयांत धनुष्य जतन करता येते. ही जाणकारी करणाऱ्या हातांबरोबरच टिकते किंवा लोपते.