चौतीस अंशांचा हिशेब

फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर वेगवान बोटींचं वेड जुनं. १९५६ साली मायामी-नासाऊ शर्यत सुरू झाली आणि पुढे डॉन ॲरोनॉवसारख्या शर्यतपटूंनी लांब नाकाच्या बोटी गाजवल्या. अशा बोटींत हमखास भेटणारं इंजिन म्हणजे शेव्हरोलेचं ‘बिग ब्लॉक’ व्ही-८. त्याची ४५४ घनइंची, म्हणजे ७.४ लिटरची आवृत्ती आजही असंख्य बोटींत आहे. हे इंजिन मोटारींत वाढलं, पण मोटारीच्या सवयीने त्याचं टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, लावली तर पाण्यात ते फार दिवस टिकत नाही.

मोटार एकदा वेगात आली की सपाट रस्त्यावर इंजिनाला दम खाता येतो. बोटीत ती सवलत नाही. भरलेली एसटी दिवसभर खंबाटकी घाट चढत राहावी, तसा प्रोपेलरचा भार अखंड असतो. म्हणूनच हलक्या भारात ठिणगी आणखी लवकर पाडणारा, जुन्या मोटारींतला व्हॅक्यूम ॲडव्हान्स बोटीच्या डिस्ट्रिब्युटरवर सहसा नसतो.

मिनिटाला ५,००० फेऱ्यांवर क्रँकशाफ्ट एका मिलिसेकंदात ३० अंश फिरतो. मिश्रण जळायला वेळ लागतो, त्यामुळे पिस्टन माथ्यावर पोचण्याआधीच ठिणगी पडावी लागते. लोखंडी हेडच्या बिग ब्लॉकला माथ्याआधी एकूण ३२ ते ३६ अंश साधारण मानवतात. ठिणगी उशिरा पडली तर ताकद जाते आणि एक्झॉस्ट तापतो. फार लवकर पडली तर पिस्टन वर येत असतानाच दाब चढतो, उरलेलं मिश्रण आपसूक भडकतं आणि पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटतात. मोटारीत हे नॉकिंग कानाला कळतं, बोटीत मात्र ते एक्झॉस्टच्या गर्जनेत बुडतं. म्हणून इथे अंदाजाने काम करणं मला अक्षम्य वाटतं.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो शून्याच्या, म्हणजे पिस्टन माथ्यावर असल्याच्या खुणेला. क्रँकच्या पुढचा बॅलन्सर दोन भागांचा असतो आणि मधलं रबर जुनं झालं की बाहेरचं कडं खुणेसकट सरकतं. मग टायमिंग लाइट कितीही चांगला असो, आकडा खोटाच येणार. उपाय साधा आहे. प्लग काढलेल्या पहिल्या सिलिंडरमध्ये पिस्टन अडवणारा बोल्ट लावायचा, क्रँक हाताने दोन्ही दिशांनी अडेपर्यंत फिरवायचा आणि मिळालेल्या दोन खुणांचा मध्य घ्यायचा. खरा माथा तोच.

पुढचं काम बोट पाण्यात असताना करावं. आधी ब्लोअर चालवून इंजिनखोलीतली पेट्रोलची वाफ काढायची. मग पहिल्या प्लगच्या वायरीला टायमिंग लाइटचा चिमटा लावून ॲडव्हान्स वाढायचा थांबेपर्यंत फेऱ्या वाढवायच्या. डिस्ट्रिब्युटर फिरवून चौतीसचा आकडा तिथे साधायचा, आयडलवर जो येईल तो येऊ द्यायचा. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे त्याची बॉडी एक अंश हलली की टायमिंग दोन अंशांनी बदलतं. क्लॅम्प आवळताना ते सरकतंच, म्हणून आवळल्यावर पुन्हा तपासायचं.

शेवटी पूर्ण वेगाची फेरी, लगेच इंजिन बंद आणि प्लग बाहेर. पांढऱ्या चिनीमातीवर बारीक काळे किंवा चकाकणारे ठिपके दिसले, तर ती नॉकिंगची खूण; टायमिंग दोन अंश मागे घ्यायचं, नवे प्लग लावायचे आणि पुन्हा फेरी मारायची.