घरच्या घरी दुचाकी (भाग ९) : शॉकअपच्या पोटातलं तेल

कान्हे फाट्यावरून आत वळून टाकवे बुद्रुक मागे टाकलं की आंदर मावळ खऱ्या अर्थाने सुरू होतं. भिवपुरीच्या वीजकेंद्राला १९२२ पासून पाणी पुरवणाऱ्या ठोकरवाडी जलाशयाच्या कडेने रस्ता वर खांडीकडे जातो. पहाटे याच रस्त्याने दुधाचे कॅन लटकवलेल्या मोटारसायकली खाली उतरतात. त्यांच्या मागोमाग तळेगाव आणि चाकणच्या कारखान्यांत पाळीला निघालेली मंडळी असतात. चाळीस लिटरचे दोन कॅन म्हणजे नुसत्या दुधाचंच वजन ऐंशी किलोच्या वर. उतारावर ब्रेक दाबला की चालकाचा, गाडीचा आणि या दुधाचा भार पुढे सरकतो आणि पुढच्या चाकाच्या दोन दांड्यांवर येतो. गॅरेजात त्यांना ‘शॉकअप’ म्हणतात, कंपनीच्या पुस्तिकेत ‘फ्रंट फोर्क’.

मागच्या आठवड्यात चेन पाहिली. चेन सैल झाली की आवाज करते, म्हणून तिच्याकडे लक्ष जातं. शॉकअपचं तेल मात्र गुपचूप खराब होतं. इंजिन ऑईल ठरल्या वेळी बदलणारी माणसंही हे तेल गाडी विकेपर्यंत बदलत नाहीत. या भागातल्या रस्त्यांवर ही हेळसांड थेट जिवाशी खेळते.

धक्का झेलण्याचं काम स्प्रिंगचं, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. स्प्रिंग धक्का साठवते आणि लगेच परत करते. नुसती स्प्रिंग असेल तर एका खड्ड्यानंतर गाडीचं तोंड चेंडूसारखं उडत राहील. त्या उसळीला आवर घालतं ते तेल. आतला पाइप खाली-वर होताना तेलाला बारीक भोकांतून जावं लागतं. त्या रेटारेटीत धक्क्याची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. तेलाच्या वर थोडी हवा कोंडलेली असते, तीही दाबली गेली की स्प्रिंगसारखीच वागते. म्हणून तेल कमी झालं किंवा जास्त भरलं, तरी गाडीचा स्वभाव बदलतो.

तेलावर चालणारे असे फोर्क नियमित उत्पादनातल्या मोटारसायकलीवर प्रथम आणले बीएमडब्ल्यूने, १९३५ साली. आज महाराष्ट्रात वाळूजसारख्या ठिकाणी ते तयार होतात. रचना फारशी बदललेली नाही, साध्या गाडीत तर नाहीच. त्यामुळे ज्याला पाना धरता येतो आणि ज्याच्याकडे सबंध एक दिवस आहे, त्याला हे काम अंगणात जमतं.

गाडीला त्याची गरज आहे का, हे मिनिटभरात कळतं. गाडीवर बसून पुढचा ब्रेक दाबून धरावा आणि हँडल जोरात खाली रेटून सोडावं. तोंड एकदा वर येऊन स्थिरावलं तर ठीक. दोन-तीनदा डुललं तर तेलात दम उरलेला नाही. मग चकचकीत पाइपवरून बोट फिरवावं. बोटाला तेल लागलं तर ऑईल सील गेलं. हे गळतं तेल ओघळून डिस्कवर किंवा ब्रेक पॅडवर पोहोचलं, तर पुढचा ब्रेक ऐन वेळी दगा देतो. अशी गाडी दुरुस्त होईपर्यंत चालवू नये.

सील जातं ते बहुतेक चिखलाने. चिखलणीच्या दिवसांत बांधापर्यंत नेलेल्या गाडीच्या पाइपवर लाल चिखल बसतो, ऊन पडलं की वाळतो आणि पुढच्या प्रत्येक खड्ड्याला सॅंडपेपरसारखा सीलच्या ओठावर घासतो. पाऊसभर बाहेर उभ्या राहिलेल्या गाडीच्या पाइपवर गंजाचे ठिपके पडतात, ते तर सील कापतातच. आवणीहून घरी आल्यावर तांब्याभर पाणी आणि ओलं फडकं पाइपवरून फिरवलं, तर सील कितीतरी जास्त टिकतं. जुन्या गाड्यांना पाइपवर रबरी बूट असायचे. ते काढून टाकायची फॅशन आली, पण मावळात ते परत बसवून घ्यावेत.

आता प्रत्यक्ष काम. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर घ्यावी आणि इंजिनखाली लाकडी ठोकळा द्यावा. ठोकळा सायलेन्सरच्या नळीला टेकता कामा नये. चाक काढण्याआधी दोन गोष्टी करायच्या, कारण नंतर त्या फार जड जातात : पाइप पकडून ठेवणाऱ्या वरच्या ‘टी’चे बोल्ट सैल करून पाइपच्या टोकाची झाकणं जराशी ढिली करायची, आणि तळाचा एलन बोल्टही किंचित सोडवून ठेवायचा. स्प्रिंग दाबलेली असते तेव्हा आतला दांडा बोल्टबरोबर फिरत नाही. सगळं सुटं झाल्यावर तो नुसता गरगरतो आणि बोल्ट निघत नाही. मग ब्रेकचं कॅलिपर काढून तारेने बांधून ठेवावं, होजवर लोंबकळू देऊ नये. चाक बाहेर असताना ब्रेकची लिव्हर कोणी, विशेषतः मुलांनी, दाबू नये.

चाक आणि मडगार्ड निघाले की पाइप हलकेच पिळत खाली ओढायचे. झाकण पूर्ण उघडताना तोंड बाजूला ठेवावं, खाली दाबलेली स्प्रिंग असते. स्प्रिंगचं कोणतं टोक वर होतं, ते लक्षात ठेवावं किंवा मोबाइलवर फोटो काढावा. तेल ओतताना पाइप आठ-दहा वेळा खाली-वर केला की अडलेलं तेलही निघतं. बाहेर येतं ते बहुधा काळपट राखाडी पाणी वाटावं असं असतं, कारण आतल्या भागांची झिजलेली धातूची पूड त्यात मिसळलेली असते. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलं आहे असं समजावं.

सील बदलायचं असेल तर पाइपच्या टोकावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून, सीलला ग्रीस लावून ते सरकवावं, म्हणजे कडेने ओठ फाटत नाही. ठोकून बसवायला शेतातल्या पाइपलाइनचा योग्य मापाचा पीव्हीसी तुकडा चालतो; नव्या सीलवर जुनं सील ठेवून त्यावर ठोकावं. तळाच्या बोल्टचं तांब्याचं वॉशर नवंच घालावं.

तेलाबाबत तडजोड नको. हाताशी आहे म्हणून इंजिन ऑईल ओतण्याची पद्धत सर्रास दिसते. ते या कामासाठी बनवलेलं नसतं आणि बहुधा जास्त दाट असतं. खडीच्या रस्त्यावर एकामागून एक धक्के येतात तेव्हा दाट तेलामुळे शॉकअप पूर्ण वर यायच्या आत पुढचा धक्का बसतो, तोंड दर धक्क्याला आणखी खाली जातं आणि शेवटी शॉकअप दगडासारखा कडक होतो. पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचंच फोर्क ऑईल आणावं. रोजच्या वापराच्या बहुतेक गाड्यांना शॉकअपच्या एका पायाला साधारण १५० ते २५० मिलि. लागतं, नेमका आकडा पुस्तिकेतच पाहावा. मोजायला औषधाच्या दुकानातली मोठी सिरिंज उत्तम. दोन्ही पायांत तेल अगदी सारखं हवं.

जोडताना दोन्ही पाइप ‘टी’मध्ये एकाच उंचीवर बसवावेत. चाकाचा एक्सल पूर्ण आवळण्याआधी गाडी स्टँडवरून उतरवून तोंड चार-पाच वेळा दाबावं, म्हणजे दोन्ही पाय आपोआप समांतर बसतात. शेवटी ब्रेकची लिव्हर कडक होईपर्यंत दाबावी आणि मगच रस्त्यावर जावं. आंदर मावळातल्या गाडीचं हे काम एक वर्षाआड, पाऊस उघडल्यावर आणि भातकापणीची धांदल सुरू व्हायच्या आत करून घ्यावं.

आणि काढलेलं तेल. ते ओढ्यात, बांधावर किंवा उकिरड्यात ओतू नये. याच भागातल्या आंद्रा धरणाचं पाणी इंद्रायणीतून पिंपरी-चिंचवडच्या नळांपर्यंत जातं, आणि गावाच्या विहिरी तर त्याच्याही आधी येतात. बाटलीत भरून, झाकण घट्ट लावून, जळकं ऑईल गोळा करणाऱ्या गॅरेजात ते द्यावं.

पुढच्या आठवड्यात हँडलचा कोनसेट. शॉकअप उतरवलेलेच असतील, तर हँडल डावी-उजवीकडे सावकाश फिरवून मध्यावर ते अडकतं का, तेवढं आताच पाहून ठेवा.