रक्त धुणं, रक्त निवडणं

मराठवाडा १९५६ साली हैदराबाद राज्यातून बाहेर पडला, पण दवाखान्याची वाट तुटली नाही. नांदेड-परभणीकडची किती तरी कुटुंबं आजही फायलींची पिशवी घेऊन देवगिरी एक्सप्रेसने सिकंदराबादला उतरतात.

हैदराबादेत पंजागुट्ट्याच्या 'निम्स' या रुग्णालयात १९८९ साली किडनी प्रत्यारोपण सुरू झालं. तेव्हा रक्तशुद्धी म्हणजे डायलिसिस. चार-चार तास मशीनवर पडून राहायचं आणि घरी रोज हातावरच्या फिश्चुलावर, म्हणजे डायलिसिससाठी जोडलेल्या रक्तवाहिनीवर, बोटं टेकवायची. आत थरथर लागली की जीव भांड्यात पडायचा. २००७ साली आरोग्यश्री योजना आली आणि त्या राज्यातल्या गरीब रुग्णांची पैशाची धाकधूक बरीच कमी झाली. रक्तगटाची अडचण मात्र तशीच राहिली. डायलिसिस युरिया धुऊन काढतं. किडनी देणाऱ्या आईचा गट ए आणि मुलाचा बी असेल, तर मुलाच्या रक्तातल्या ए-विरोधी अँटिबॉडीला ते हातही लावत नाही.

त्यावरची वाट बेल्जियमच्या डॉ. अलेक्झांद्र यांनी १९८२ च्या सुमारास दाखवली: प्लाझ्मा बदलायचा, प्लीहा काढायची. स्वीडनने २००१ पासून प्लीहा वाचवली. रिटुक्सिमॅब हे औषध आणि अँटिबॉडी धरून ठेवणारी नळकांडी वापरली. गेल्या दशकात हैदराबादच्या मोठ्या रुग्णालयांतही हे उपचार रुळले. प्लाझ्मा बदलताना गवती चहाच्या रंगाचं पाणी पिशवीत साठत जातं. एका बैठकीत साधारण साठ टक्के अँटिबॉडी निघतात. अँटिबॉडीचं प्रमाण दाखवणारा टायटर १:८ पर्यंत उतरेतो बैठका चालतात. पण अँटिबॉडीबरोबर रक्त गोठवणारी, जंतूंशी लढणारी प्रथिनंही वाहून जातात. तांदळातले खडे काढायला पातेलंच उपडं करावं, तसं. नळकांडी खडे तेवढे निवडते, पण तिची किंमत ऐकून घरचे गप्प होतात.

२०१३ साली 'जीवनदान' योजना सुरू झाली आणि मेंदूमृत दात्यांचे अवयव रीतसर यादीने मिळू लागले. मार्च २०२५ मध्ये तेलंगणाच्या विधानसभेने केंद्राचा सुधारित प्रत्यारोपण कायदा स्वीकारला. त्यात दोन कुटुंबांतल्या अदलाबदलीला स्पष्ट जागा आहे. या आईची किडनी त्या घरातल्या ए गटाच्या रुग्णाला, तिथल्या बी गटाच्या दात्याची या मुलाला.

आपल्याकडे सोयरिकीत याला साटंलोटं म्हणतात. ते जुळलं, तर रक्तगटापायी प्लाझ्मा बदलावाच लागत नाही.