उत्तंकाच्या मुलुखांत

शाळेंत संस्कृत शिकवीत असतां 'मरु' या शब्दाचा अर्थ आम्हीं किती वेळां सांगितला असेल याची गणति नाहीं. "मरु म्हणजे निर्जल, ओसाड व रिकामी भूमि," असें फळ्यावर लिहावें आणि पुढच्या शब्दाकडे वळावें, असा पस्तीस वर्षांचा परिपाठ. या तीन विशेषणांपैकीं निदान दोन तरी चुकीचीं होतीं, हें कळण्यास सेवानिवृत्ति व्हावी लागली आणि कामठीपासून दीड हजार किलोमीटरांच्या आसपासचा मोटारीचा प्रवास घडावा लागला. ज्या घरांत आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्व मंडळी एका पंक्तीस बसतात, त्या घरांतील वाचकांस हा वृत्तांत अगदींच निरुपयोगी वाटणार नाहीं, अशा समजुतीनें तो येथें देत आहों.

नाताळच्या सुटींत सर्वांनीं मिळून कोठें तरी जावें असें चिरंजीवांच्या मनांत आलें. कोंकण, काशी, म्हैसूर अशीं नांवें निघालीं. पण थोरल्या नातवानें जैसलमेरचा हट्ट धरिला. आळींतील मंडळींनीं ऐकून आश्चर्य केलें. "तेथें पाहण्यासारखें आहे तरी काय? वाळूच ना!" असें एका स्नेह्यांनीं विचारिलें. आम्हांसहि उत्तर सुचलें नाहीं. तरी निघालों. आम्ही उभयतां, चिरंजीव व सूनबाई, दोन नातवंडें आणि आमच्या वडील भगिनी, ज्यांना सारें घर 'माई' म्हणतें, अशीं सात माणसें. माईंचें वय अठ्ठ्याहत्तर. प्रवासांत त्या परक्या घरचें पाणी घेत नाहींत. त्यांचा फिरकीचा पितळी तांब्या व घरून भरून घेतलेला पाण्याचा कॅन ही गाडींतील पहिली वस्तु.

आमची कामठी म्हणजे कन्हान नदीच्या कांठीं इ. स. १८२१ साली वसलेली लष्करी छावणी. येथून रामटेक तासाभराच्या वाटेवर. कालिदासाचा रामगिरि तो हाच, असें महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं प्रतिपादिलें आहे. त्यामुळें मेघदूताचें आम्हांस घरच्यासारखें अगत्य. सावनेर, पांढुर्णा, मुलताई, बैतूल करीत आम्हीं नर्मदा ओलांडली व पहिला मुक्काम इंदुरास केला. मुलताईस तापीच्या उगमापाशीं माईंनीं हात जोडले, तेवढाच काय तो वाटेंतील विसांवा. दुसऱ्या दिवशीं मंदसोर लागलें. हेंच कालिदासाचें दशपुर. गाडींत बसल्या बसल्या आम्हीं नातवंडांस मेघाची वाट सांगूं लागलों : रामगिरि, मग माल नांवाचें उंच शेत, नर्मदा, विदिशा, उज्जयिनी, दशपुर आणि तेथून कुरुक्षेत्र. धाकटी नात चौथींत शिकते. तिनें मोबाईलवरील नकाशांत बोट फिरवून विचारिलें, "आजोबा, मग ढग जैसलमेरला गेलाच नाहीं?"

प्रश्न खरा होता. यक्षाचा मेघ दशपुरावरून सरळ उत्तरेकडे निघून जातो; मरुभूमीकडे तो फिरकतहि नाहीं. नागपुराकडे वर्षाकाठीं हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. जैसलमेरास दोनशेंच्या आंतबाहेर. कवीनें आपला दूत तिकडे न पाठविला यांत नवल नाहीं. परंतु मरुभूमीसाठीं व्यासांनीं वेगळे मेघ ठेविले आहेत, आणि ती कथा आम्हीं तिसऱ्या रात्रीं जोधपुरास मुलांस सांगितली.

भारतीय युद्ध संपल्यावर श्रीकृष्ण द्वारकेस परत चालले असतां वाटेंत मरुभूमींत त्यांस उत्तंक मुनि भेटले. भगवंतांनीं वर दिला कीं, तहान लागेल तेव्हां माझें स्मरण कर. पुढें एकदां उत्तंक तहानेनें व्याकुळ झाले. त्यांनीं स्मरण केलें तों समोर कुत्र्यांनीं वेढलेला, मळकट असा एक चांडाळ उभा. "हें पाणी पी" म्हणून आग्रह करूं लागला. उत्तंकांनीं तिरस्कारानें त्यास घालवून दिलें. मागाहून श्रीकृष्ण आले व म्हणाले कीं, तो इंद्र होता आणि त्याच्याजवळ अमृत होतें. तूं रूप पाहिलेंस आणि अमृत दवडलेंस. तरीहि कृपाळूपणें त्यांनीं सांगितलें कीं, तुला तहान लागेल त्या दिवशीं मेघ जमून येतील. मरुभूमींत क्वचित् पाऊस देणारे ते 'उत्तंकमेघ'. कथा संपली तेव्हां माई जपमाळ ओढीत होत्या. कांहीं बोलल्या नाहींत.

जोधपुराजवळ खेजडली नांवाचें खेडें आहे. इ. स. १७३० मध्यें महाराज अभयसिंहांच्या नव्या वाड्यासाठीं चुना भाजावयाचा होता; त्यासाठीं लांकूड तोडण्यास राजाचे लोक तेथें आले. बिश्नोई समाजाची अमृतादेवी झाडास मिठी मारून उभी राहिली व प्राणास मुकली. तिच्यामागून एकंदर ३६३ माणसांनीं तेंच केलें. हें झाड कोणतें? खेजडी, म्हणजे आपली शमी! दसऱ्यास आम्ही शमीचें पूजन करतों, पांडवांनीं तिच्यावर शस्त्रें ठेविलीं हें सांगतों आणि वर्षभर तिला विसरतों. तेथें मात्र तिच्या पाल्यावर शेळ्या-उंट जगतात, तिच्या कोवळ्या शेंगांची सांगरी वाळवून भाजी करितात, आणि तिच्याखालीं बाजरी पिकते. त्या झाडापाशीं उभे राहिल्यावर आमच्या फळ्यावरील 'ओसाड' हा शब्द प्रथम खटकला.

पोकरणवरून जैसलमेरास पोंचलों. किल्ला, हवेल्या व गडीसर तलाव यांचीं वर्णनें अन्यत्र पुष्कळ आहेत. आम्ही 'खडीन' पाहिलें तें सांगतों. उताराच्या पायथ्याशीं मातीचा लांब बांध घालितात. पावसाच्या दोन-चार सरींत खडकावरून वाहून आलेलें पाणी बांधापाशीं थांबतें व जमिनींत मुरतें. मग त्या ओलीवर गहूं व हरभरा पेरितात. ही विद्या पालीवाल ब्राह्मणांनीं पांच-सहा शतकांपूर्वीं तेथें रूढ केली. जेथें विहिरींचें पाणीहि बहुधा खारें, तेथें पावसाच्या पाण्यावर रब्बीचें पीक काढणारे लोक अडाणी खास नव्हेत.

दुसऱ्या दिवशीं पहांटे मरुभूमि राष्ट्रीय उद्यान पाहण्यास निघालों. सुमारे अर्ध्या वाटेवर मोटारीचें चाक बसलें. जोडीचें चाक काढलें तों तेंहि हवेवांचून निकामी. चिरंजीवांनीं तें निघण्यापूर्वीं तपासलें नव्हतें. सूनबाई त्यांस कांहीं बोलल्या नाहींत. आम्ही मात्र बोललों. गांवाहून दुरुस्तीचा मनुष्य येण्यास तीन तास लागणार होते. या गडबडींत कॅन कलंडला व त्यांतील पाणी वाळूनें डोळ्यांदेखत पिऊन टाकिलें. बाटल्यांतील पाणी मुलांनीं संपविलें. ऊन वर आलें.

थोड्या अंतरावर एक ढाणी होती, म्हणजे दोन-तीन झोंपड्यांची वस्ती. तेथील एका बाईनें आम्हांस हांक मारून सावलींत बसविलें. अंगणांत जमिनींत बांधलेला गोल टांका होता. त्याच्या झांकणास कुलूप होतें. आमच्याकडे कुलूप तिजोरीस असतें, तेथें पाण्यास. बाईनें कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलें, दोरीनें पाणी काढलें, फडक्यांतून गाळलें आणि प्रथम मुलांस दिलें. तिच्या बोलण्यांतून कळलें तें इतकेंच : दूध हवें तेवढें घ्या, पाणी जपून वापरा, हा सांठा पुढच्या पावसापर्यंत पुरवावयाचा आहे. नातवाच्या हातून थोडें सांडलें, तेव्हां तिनें भांडें सरकवून तेवढेंहि शेळीच्या पिलापुढें ठेविलें.

मग तिनें तांब्या माईंपुढें धरिला. आम्ही अवघडलों. ते लोक कोण, कोणत्या जातीचे, हें आम्हांस ठाऊक नव्हतें, आणि माईंचा साठ वर्षांचा नेम आम्हांस ठाऊक होता. आम्ही कांहीं सबब सांगणार तोंच माई म्हणाल्या, "तूं थांब रे. काल सांगितलीस ती गोष्ट मुलांपुरतीच होती कीं काय?" आणि त्यांनीं ओंजळ पुढें केली. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनीं त्या बाईच्या हातास हात लाविला आणि आपला फिरकीचा तांब्या तिला देऊं केला. तिनें तो हंसून परत केला. परतीच्या प्रवासांत माईंनीं कोठेंहि पाण्याची चौकशी केली नाहीं. आम्हींहि तो विषय काढिला नाहीं. नेम त्यांचा, तो त्यांनीं सोडिला. आम्हीं तर असला नेम कधीं पाळला नव्हता, तरी अवघडलों होतों! त्याची लाज आम्हांस अद्याप वाटते.

दुपार कलतां उद्यानाच्या सुदासरी भागांत शिरलों. हें क्षेत्र इ. स. १९८० मध्यें राखून ठेविलें. जैसलमेर व बाडमेर या दोन जिल्ह्यांत मिळून ३,१६२ चौरस किलोमीटर. लोक त्यास राष्ट्रीय उद्यान म्हणतात. कायद्यानें तें अभयारण्य आहे आणि त्यांत गांवें व ढाण्याहि वसल्या आहेत. वाळूच्या टेंकड्या थोड्या. बहुतेक भाग सपाट, खडकाळ आणि सेवण नांवाच्या गवताचा. चिंकारांचा कळप दिसला, एक खोंकड दिसलें, आकाशांत गिधाडें होतीं. दोन तास गेल्यावर वनरक्षकानें बोट दाखविलें. दूर गवतांतून दोन मोठे पक्षी संथपणें चालत होते : पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी, तपकिरी पंख. राजस्थानचा राज्यपक्षी गोडावण, म्हणजेच आपला माळढोक.

हा पक्षी सुमारे मीटरभर उंच. नराचें वजन पंधरा किलोपर्यंत भरतें. मादी बहुधा वर्षास एकच अंडें घालते, तेंहि उघड्या जमिनीवर. भारताचा राष्ट्रीय पक्षी ठरावयाच्या वेळीं पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनीं याच पक्ष्याचा पुरस्कार केला होता; इ. स. १९६३ मध्यें मान मोराला मिळाला. आज जंगलांत उरलेल्या माळढोकांची संख्या दीडशेंहूनहि कमी मानितात आणि त्यांतील बहुतेक या जैसलमेरच्या आसमंतांत आहेत. इ. स. २०१९ पासून जवळच सम येथें त्यांचीं अंडीं उबवून पिलें वाढविण्याचें केंद्र चालू झालें, व इ. स. २०२४ मध्यें कृत्रिम रेतनानें पहिलें पिलूं जन्मास आलें. प्रयत्न स्तुत्य आहे. परंतु पिलें सोडावयाचीं कोठें हा प्रश्न राहतोच.

कारण परततांना आम्हांस क्षितिजावर दिसल्या त्या विजेच्या तारा. सूर्य व वारा यांपासून वीज करण्यास हा मुलुख उत्तम, म्हणून तेथें पवनचक्क्या व सौरपट्टे दाटले आहेत. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोहों बाजूंस. त्यास समोरचें नीट दिसत नाहीं, आणि अंग जड असल्यानें ऐन वेळीं वळतां येत नाहीं. तो तारांवर आदळतो. सर्वोच्च न्यायालयानें इ. स. २०२१ मध्यें तारा जमिनींत घालण्याचा हुकूम दिला, इ. स. २०२४ मध्यें अडचणी व विजेची गरज लक्षांत घेऊन तो बदलला आणि तज्ज्ञांची समिति नेमिली.

"मग वीज नको का, आजोबा?" नातवानें विचारिलें. नको असें कोणत्या तोंडानें म्हणावें? कामठीच्या शेजारीं कोराडी व खापरखेडा येथें कोळसा जाळून वीज होते. त्या धुराची व राखेची आम्हांस ओळख आहे. सूर्याची वीज हवीच. आमची तक्रार विजेविषयीं नाहीं, एका शब्दाविषयीं आहे. जेथें झाड नाहीं व शेत नाहीं त्या जमिनीस आपण 'पडीक' म्हणतों. दप्तरांत तशी नोंद झाली कीं ती कोणासहि देण्यास मोकळी. तेथील देवाच्या नांवें राखलेल्या कुरणांस 'ओरण' म्हणतात. ती त्यांची देवराई. परंतु कित्येक ओरणांचीहि गणना पडीकांत झाली आहे. तारा कोठून न्याव्या, कोठें पुराव्या हें विचारण्यापूर्वीं तेथें कोण राहतो हें विचारावयास नको काय?

आणि हा दोष एकट्या राजस्थानाचा नव्हे. 'माळढोक' हें नांव मराठी आहे. आपल्या पूर्वजांस तो आपल्या माळांवर दिसे म्हणूनच तें पडलें. सोलापुराकडे नान्नजचें अभयारण्य इ. स. १९७९ मध्यें याच पक्ष्यासाठीं झालें. आज तेथें तो दिसला तर बातमी होते. आमच्या विदर्भांत वरोरा-भद्रावतीच्या बाजूस तो अलीकडेपर्यंत दिसत असे. आम्हीं वरोऱ्यास अनेकदां गेलों. माळ पाहिला आणि 'येथें कांहीं नाहीं' म्हणून पुढें गेलों. दीड हजार किलोमीटर जाऊन जें पाहिलें, तें एके काळीं आमच्या दाराशीं होतें!

उत्तंकानें अमृत ओळखलें नाहीं, कारण तें अपेक्षित रूपांत आलें नाहीं. आपणहि माळास, ओरणास, वाळवंटास असेंच परत पाठवीत आलों. तीर्थें व थंड हवेचीं ठिकाणें मुलांस अवश्य दाखवावीं. परंतु एकदां तरी ज्यास सर्व जण रिकामें म्हणतात, अशा जागीं घरच्या वडीलधाऱ्यांसह त्यांस न्यावें आणि तेथें कोण राहतें, काय खातें, पाणी कोठून आणतें, हें विचारावयास लावावें. निघण्यापूर्वीं जोडीचें चाकहि तपासून घ्यावें.

घरीं आल्यावर आम्हीं जुन्या टिपणवहींत 'मरु' या शब्दाचें पान काढलें. 'निर्जल' च्या जागीं 'अल्पजल' लिहिलें. 'ओसाड' आणि 'रिकामी' हे दोन्ही शब्द खोडले.