फ्रीजच्या दारातली ती बाटली

गेल्या पावसाळ्यात भाचीचा फोन आला. "मावशी, सोनूचा कान पुन्हा फुटलाय गं! रात्रभर रडतोय." सोनू साडेतीन वर्षांचा. तीन आठवड्यांपूर्वीच त्याच्या कानातून पू आला होता आणि डॉक्टरांनी सात दिवसांचं अँटिबायोटिक सिरप दिलं होतं. मी विचारलं, "सातही दिवस दिलंस ना?" पलीकडे क्षणभर शांतता. मग हळूच, "तिसऱ्या दिवशी ताप उतरला, खेळायला लागला. सासूबाई म्हणाल्या, औषध उष्ण पडतं, बास आता. उरलेलं फ्रीजमध्ये आहे. तेच चालू करू का?"

मैत्रिणींनो, ही उरलेली बाटली आपल्यापैकी कितीजणींच्या फ्रीजच्या दारात असते! ताप उतरला म्हणजे जंतू कमी झाले, संपले असं नव्हे. किती दिवस द्यायचं ते आजार पाहून डॉक्टर ठरवतात. कधी पाच, कधी दहा. थांबवावंसं वाटलं तर त्यांनाच विचारायचं. आणि तीन आठवड्यांचं ते सिरप तर निकामीच झालेलं. सोनूला दिलेलं अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनिक अ‍ॅसिड पाण्यात कालवल्यावर फ्रीजमध्ये ठेवूनही सातच दिवस टिकतं. कालवल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहून ठेवायची ती यासाठीच. सगळीच सिरप फ्रीजमध्ये ठेवायची नसतात, लेबल वाचा. ठेवायचं असेल तर खालच्या कप्प्यात, बर्फाच्या कप्प्यात नाही. घरी फ्रीज नसेल किंवा लाइट तासन् तास जात असेल, तर चिठ्ठी लिहितानाच डॉक्टरांना सांगा. त्यात लाजायचं काय?

कालवताना तर हमखास घोटाळा होतो. बाटलीत कोरडी पूड असते. आधी बाटली हलवून ती मोकळी करा. सोबत पाण्याची कुपी असेल तर ती वापरा, नसेल तर उकळून पूर्ण गार केलेलं पाणी. गरम पाणी मुळीच नको. निम्मं पाणी घालून जोरात हलवा, मग खुणेच्या रेघेपर्यंत भरा. फेस बसला की पातळी खाली जाते, तेव्हा पुन्हा रेघेपर्यंत घाला. पाणी कमी पडलं तर औषध तीव्र होतं, जास्त झालं तर पातळ. हे जमेल असं वाटत नसेल तर मेडिकलवाल्याकडूनच कालवून घ्या. नंतरही प्रत्येक डोसाआधी बाटली हलवायचीच. नाहीतर औषध तळाशी बसतं; पहिल्या दिवशी पोराच्या पोटात नुसतं गोड पाणी जातं आणि शेवटी सगळा गाळ.

आता चमचा. आपल्या घरात चहाचा, पोह्यांचा, वाढायचा असे पाच आकार. "एक चमचा" म्हणजे त्यातला कुठला? डॉक्टर मिलिलिटरमध्ये सांगतात, म्हणून खुणा असलेलं टोपण किंवा सुई नसलेली सिरिंज घ्या. डोस वजनावर ठरतो. एकाच औषधाची कमी-जास्त ताकदीची बाटली मिळते, त्यामुळे मागच्या वेळचं माप या वेळी चालेलच असं नाही. मोठ्याचं औषध धाकटीला देणं तर नकोच.

पोरगं तोंड मिटून बसलं की नाक दाबून ओतू नका, ठसका लागतो. बसतं धरून गालाच्या आत थोडं थोडं सोडा. दुधाच्या भरल्या बाटलीत मिसळलं आणि निम्मं दूध उरलं, तर औषधही निम्मंच गेलं. लगेच उलटी झाली तर मनाने दुसरा डोस न देता डॉक्टरांना फोन करा. एखादी वेळ चुकली तर आठवेल तेव्हा द्या. पुढची वेळ जवळ आली असेल तर ती सोडा, दुप्पट मात्र देऊ नका. पातळ शी होऊ शकते, पाणी आणि दूध चालू ठेवा. पण अंगावर पुरळ उठलं, शीत रक्त दिसलं तर औषध पुढे देण्याआधी डॉक्टरांना दाखवा. चेहरा-ओठ सुजले किंवा श्वास लागला, तर औषध बंद आणि तडक दवाखाना.

साध्या सर्दी-पडशाला हे औषध लागतच नाही, कारण ते बहुधा विषाणूंमुळे होतं आणि विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. २०१६ साली केंद्रीय आरोग्य खात्याने 'लाल रेघ' मोहीम काढली होती: पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर चिठ्ठीशिवाय ते औषध घ्यायचं नाही. तरी "मागच्यासारखंच द्या हो" म्हणत आपण काउंटरवर उभ्या राहतोच.

भाचीला मी ती बाटली बंद ठेवायला लावली. त्याच दिवशी डॉक्टरांनी सोनूचा कान पुन्हा तपासला, नवी बाटली दिली. या वेळी मोबाइलला सकाळ-संध्याकाळचा गजर लावला. त्याला आजी म्हणायची, "वाजला बाई तुमचा भोंगा!" पण टोपण तीच धुऊन ठेवायची. सातव्या रात्री फोन आला, "मावशी, शेवटचा डोस झाला. तळाशी थोडं उरलंय, काय करू?"

"चहाच्या चोथ्यात कालव आणि पिशवी बांधून कचऱ्यात टाक. आणि ती जुनी बाटली?"

"ती अजून आहे गं," ती म्हणाली, आणि फ्रीजचं दार उघडल्याचा आवाज आला.