सोसायटीचं खत आणि तो बदनाम वास

शंभर घरांचा ओला कचरा आवारातच जिरवायचा म्हटलं, की पहिला आक्षेप ठरलेला: वास येईल! मंडळी, वास येतो तो हवा न मिळालेल्या ढिगाला. भाजीची देठं, उरलेला भात यांत पाणी आणि नायट्रोजन भरपूर, कार्बन कमी. म्हणून प्रत्येक थरावर वाळका पाला किंवा लाकडाचा भुसा हवाच. कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण साधारण 30:1 जमलं, की मोठा ढीग आतून 55 ते 65 अंशांपर्यंत तापतो. रोगजंतू आणि तणांचं बी दोन्ही मरतात. (घरच्या कुंडीत एवढी उष्णता टिकत नाही.) चोवीस तासांत खत देणारी महागडी मशिनं मला पटत नाहीत. त्यातून निघतो तो बहुतेकदा वाळवलेला भुगा, मुरलेलं खत नव्हे. आणि हो, आवारातला पाला जाळू नका, पोत्यांत भरून ठेवा.